पुढं ढकललेलं लग्न

माझं तोंड लई फाटकं, असं सासूबाई म्हणायच्या. खरंच होतं ते. पण बोलायची खरी वेळ आली, तेव्हा नेमकी दातखीळ बसली.

आमच्या घरी बांगड्या भरायला एकच बाई यायची. मुसलमान, मणियार घरातली, सिल्लोडहून एसटीनं यायची. आम्ही तिला चाची म्हणायचो. माझ्या लग्नातला हिरवा चुडा तिनंच भरला. माझा पंजा दाबत म्हणाली होती, "हात ढिला सोड बेटी, सासर काय वाघ हाय का?" रडता रडता हसले मी. माझ्या डोहाळजेवणाला तीच, लेकीच्या बारशाला इवल्याशा बांगड्या घेऊन तीच. चुडा भरून झाला की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, ही आमची रीत. वाकताना तिचा धर्म कुणी काढला नाही.

लेकीचं लग्न दहा दिवसांवर आलं आणि तिकडं लांब कुठंतरी अतिरेक्यांनी हल्ला केला. निष्पाप माणसं गेली. टीव्हीसमोर मीही रडले. दोन दिवसांत कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, त्यांच्यातलं कुणी कामाला नको, विकायला नको. दीर म्हणाले, "वहिनी, यंदा चुडा दुकानातून आणा."

"तिनं काय बॉम्ब फोडला का हो?" मी फाडकन बोलले.

"मी कुठं तसं म्हणतो? पण व्याह्यांकडची माणसं येणार. कशाला नसती ब्याद?"

नवऱ्यानं पेपरातनं डोकं वर काढलं नाही. मी गप्प झाले. व्याह्यांची भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, टीव्ही बघून बघून माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. आणि कुणाबद्दल, तर चाचीबद्दल! जिनं माझी लेक मांडीवर खेळवली तिच्याबद्दल! लाज वाटते आता.

मी फोन केला. "चाची, लग्न पुढं ढकललंय. कळवते नंतर."

"या अल्ला," म्हणाली, आणि ती पुढं काही विचारायच्या आत मी फोन ठेवला.

मला वाटलं, सुटले. पत्रिका वाटल्यावर लग्न पुढं गेलं म्हणजे आपल्याकडं माणूस काय समजतं? एक तर घरात कुणी गेलं, नाहीतर सोयरीक मोडली. एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नाही.

चुड्याच्या दिवशी दारात मांडव, घरात बायकांची गाणी. दुकानातल्या बांगड्या शेजारीण भरत होती. मी सहज गॅलरीत आले, तर गेटवर चाची. वॉचमन तिला आधार कार्ड मागत होता. बिचारी माझं सांत्वन करायला आली होती! तिनं मांडव बघितला, तोरण बघितलं, मग मान वर केली. आमची नजरानजर झाली.

मी आत सरकले.

थोड्या वेळानं वॉचमन एक पिशवी देऊन गेला. तिच्यात लेकीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि खुलताबादच्या दर्ग्यातला धागा. पिशवी मी कोठीत डब्यांमागं लपवली. लेकीनं विचारलं, "चाची का नाय आली गं?" म्हटलं, "बरं नाही तिला."

महिन्यानं सिल्लोडला गेले. चार शिव्या खायच्या तयारीनंच गेले होते. तिनं चटई टाकली, चहा केला. मी हुंदके देत म्हटलं, "चाची, चुकले मी."

"पोरगी खुश हाय ना?"

"हो."

"मग झालं तर." तिनं माझी रिकामी कपबशी उचलली. "मला वाटलं, लगीन मोडलं. दर्ग्यात मन्नत मागितली व्हती, पोरीचं लगीन लागू दे, चादर चढवीन. तुमच्या गेटवरनं तशीच खुलताबादला गेले, चादर चढवून आले. मागितलेलं मिळालं व्हतं ना, बाईसाहेब."

सत्तावीस वर्षं ती मला बेटी म्हणत आली होती.