ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

तात्या रुग्णवाहिका चालवायचे. नाकासमोर चालणारा माणूस, सायरनसुद्धा उगाच वाजवायचे नाहीत. आणि बालंट यावं ते नेमकं त्यांच्यावर! उड्डाणपूल सोडून ते शेजारच्या खालच्या, गर्दीच्या रस्त्याने गेले आणि रुग्णाला उशीर केला, असं कार्यालयाचं म्हणणं. पुरावा काय, तर पडद्यावर जीपीएसचा ठिपका खालच्या रस्त्यावर होता. रुग्ण वाचला, पण तात्यांची गाडी काढून घेतली. घरी त्यांना घास गोड लागेना.

"मी वरूनच गेलो," असं ते ज्याला त्याला सांगत. लोक मान डोलवत आणि ठिपक्याकडे बोट दाखवत.

सुनेचं कामच मुळी वाहनांचे जीपीएस तपासायचं. तात्या तिला म्हणाले, "सासरा म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. दिसेल तेच सांग."

तिने चाचणीच्या गाडीत तात्यांना शेजारी आणि मागे कार्यालयातल्या साहेबांना बसवलं आणि गाडी पुलावर घातली. काचेच्या उंच इमारती सुरू झाल्या आणि तात्यांच्या डोळ्यांदेखत ठिपका घसरत खालच्या रस्त्यावर गेला. गाडी मात्र पुलावरच होती.

"उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून वेळ सांगतात, त्यावरून आपली जागा ठरते," सून म्हणाली. "काचेवर आपटून आलेला संदेश जरा उशिरा पोचतो. पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो, बाबा. पण तेवढ्यानेही आपण बाजूच्या रस्त्यावर दिसतो."

तात्या आभाळाकडे बघतच राहिले. एवढ्या लांबून काहीतरी येतं आणि आपल्या गाडीच्या टपाला नेमकं सापडतं! इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या, त्यालाच त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

सुनेने एक बटण दाबलं. ठिपक्याभोवती वर्तुळ उमटलं आणि फुगत गेलं. पूल आणि खालचा रस्ता, दोन्ही त्यात आले. "आपण यात कुठेही असू शकतो, हे यंत्र स्वतःच सांगतं. तुमच्या पडद्यावर हे वर्तुळ दाखवत नाहीत, एवढंच."

"म्हणजे आपण चुकत असू, हे ते कबूल करतं?" तात्यांना खरंच वाटेना. असा साहेब त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

तिने त्या दिवशीची नोंद उघडली. तिथेही वर्तुळ असंच फुगलेलं होतं.

"पण यावरून तात्या पुलावरून गेले, हेही ठरत नाही," मागून साहेब म्हणाले.

"नाही ठरत," सून म्हणाली.

साहेब पुढे वाकून म्हणाले, "तात्या, तुम्हीच सांगा. कुठून गेलात?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"पुलावरून, साहेब. वर ट्रक बंद पडला होता, म्हणून उशीर झाला."

"बरं," साहेब म्हणाले. "उद्यापासून गाडी घ्या."