कॉम्प्युटर बोलला ना!

कामोठ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ औषध कंपनीत आहेत. औषधाचा कुठला रेणू शरीरातल्या कुठल्या प्रोटीनला चिकटेल, हे आधी जुळलेल्या अशा जोड्या बघून शिकलेला त्यांचा कॉम्प्युटर आधीच सांगतो. तळोज्याच्या लॅबमधून "सर, चिकटत नाही" असा फोन आला की लिफ्टपाशीच आवाज चढतो, "कॉम्प्युटर बोलला ना? मग प्रोटीनच खराब असेल. प्रयोग परत कर!" प्रयोगाने कॉम्प्युटरचं ऐकायचं, असा त्यांचा शिरस्ता.

परवा ते मेडिकलमध्ये भेटले. दुकानदाराने तापावरची एक नवीन गोळी कौतुकाने पुढे केली. यांनी ती दोन बोटांनी मागे सरकवली.

"नवीन नको," ते हळूच म्हणाले, "आईला द्यायचीय. लोकांनी खाऊन बघितलेली द्या."