देवाचा नारळ आणि पिवळा झेंडा

गेल्या महिन्यात मी परदेशातल्या एका बेटावर जाऊन आले... म्हणजे बंदरापर्यंत. विक्रोळीत सगळ्यांना वाटतंय म्हातारी फॉरेन फिरून आली. वाटू दे.

माझा मुलगा सदा त्या बेटावर हॉटेलात स्वयंपाकी आहे. पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलाय, म्हणून त्याला इकडे येता येत नाही. बाप गेला तेव्हाही आला नाही... मोबाईलवर रडला. जावई शेजारच्याच देशात नोकरीला, त्याची स्वतःची शिडाची यॉट. तो म्हणाला, "आई, सदा येत नाही तर आपण जाऊ."

मला वाटलं, मार्वेच्या जेटीवरून मनोरीला जातो तसंच असेल. बोट लागली की उतरायचं. छे! बंदरात नांगर टाकायचा, पिवळा झेंडा लावायचा आणि बसायचं. साहेब येऊन बोट तपासणार, शिक्के मारणार... तोवर तुम्ही आलेलेच नाहीत.

साहेब आला. जावयाने मला मराठीत विचारलं, फळ, बी, झाड, खायचं काय असेल ते दाखवा. लोणचं काढलं, सोडे काढले, कोकमं काढली. "आणखी काही?" "काही नाही हो," म्हटलं.

साहेबाने माझं बोचकं सोडलं. साडीच्या घडीत नारळ. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून आणलेला, सदाने स्वतःच्या हाताने फोडायचा म्हणून. देवापुढे ठेवलेला नारळ फळात कोण धरतं? आमच्यात तर कोणी नाही. आणि मेल्याला बोटभर कोंब आलेला...

"आई, अगं सांगायचं नाही का!" माझी मुलगी वैशू ओरडली.

"देवाचा आहे तो, खायचा नाही!" मी पण ओरडले. जावयाने हेसुद्धा साहेबाला समजावलं. साहेब म्हणाला, लपवलात. कोणी उतरायचं नाही, आजच जायचे कागद करून निघायचं.

जावयाने हात जोडले. वैशू रडली. साहेब उद्धट नव्हता, तेच वाईट. उद्धट असता तर मी शिव्या तरी घातल्या असत्या.

नारळ पिशवीत घालून, सील करून घेऊन गेला. जाळणार म्हणे, बाहेरची कीड पसरू नये म्हणून.

सदा सकाळपासून बंदराच्या कुंपणाबाहेर उभा होता. त्याचा फोन आला.

"आई, दिसलीस गं! हिरव्या साडीतली ना?"

"मग दुसरी कोण आहे इथे साडीतली, मेल्या?"

हात हलवत होता. पुढून टक्कल पडलंय, एवढ्या लांबूनही कळलं. बापासारखाच एका पायावर भार टाकून उभा राहतो.

"नारळ आणलास ना?"

"तो पोचला तुझ्या बेटावर. मीच राहिले."

मग म्हणाला, "मालक बोलावतोय गं." गेला... चार पावलं चालायचा, वळून बघायचा.

जावयाला एकट्याला ऑफिसात नेऊन कागद करून दिले, आणि आम्ही निघालो. पिवळा झेंडा शेवटपर्यंत उतरला नाही. म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो.

वैशू म्हणते, पुढच्या वर्षी परत जाऊ. मी हो म्हणते. माझे गुडघे आणि सदाचा मालक, दोघांना मी ओळखून आहे.

गाऱ्हाणं घालताना मी म्हटलं होतं, बा महाराजा, मरायच्या आधी एकदा पोराचं तोंड दाखव. दाखवलं त्याने. उपकार आहेत, नाही कुठे म्हणते?... जवळून दाखव, एवढं सांगायचं माझंच राहिलं.