गुरम्माचा अंगठा

औशात मला सगळे संशयी म्हणतात, आणि ते खोटं नाही. चहावाला दूध ओतू लागला की मी पातेल्यात डोकावतो. भाड्यानं गाडी चालवणाऱ्यानं तसंच असावं. तेव्हा पुढचं सांगतोय ते मी भोळा म्हणून नाही, एवढं आधी ध्यानात घ्या.

सोलापूर रोडला सिद्रामप्पाचं गॅरेज. माणूस गुणी, पण शुगरनं त्याच्या बोटांतली जाण हळूहळू नेली. तापलेल्या सायलेन्सरला हात लागला तरी कळेना. पाना फिरवायची ताकद शाबूत होती. घोडं अडलं ते बेल्टपाशी. इंजिनाच्या तोंडाशी पुल्यांवरून फिरणारा हा रबरी पट्टा ढिल्ला राहिला तर किंचाळतो आणि बॅटरी उतरवतो. जास्त आवळला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. बरोबर ताण सिद्रामप्पा अंगठ्यानं दाबून ओळखायचा, आणि अंगठाच बधिर झाला. एका जीपचा बेल्ट त्यानं इतका ओढला की थोड्याच दिवसांत बेअरिंग गेलं. दुसरं मुकाट्यानं बसवून दिलं आणि शटर ओढून हा घरी बसला. कारण घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

त्याला परत आणलं ते बायकोनं, गुरम्मानं. ती निलंग्याकडची, सीमेवरच्या गावातली. बोलता बोलता कानडीत शिरते. माहेरी दोरीच्या बाजा घरीच विणायचे. दोरी किती ओढायची ते ही अंगठ्यानं दाबून सांगायची.

“पाना तुमचा, अंगठा माझा. बगू तर,” ती नवऱ्याला म्हणाली.

माझं घर शेजारीच, हे कानावर आलं आणि मी पोट धरून हसलो. आणि नशीब बघा, शटर उघडल्यावर पहिली गाडी लागली ती माझीच! बेल्टला चिरा गेलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन हिमायतनगरला जायचं. हाही बेल्ट बिघडला असता तर सिद्रामप्पानं शटर पुन्हा उघडलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावरच ते दिसत होतं.

त्यानं नवा बेल्ट चढवला. गुरम्मानं पदर खोचला, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठा टेकवला आणि डोळे मिटले. तो ताणाचा बोल्ट फिरवू लागला.

“वढा. आजून वढा. हां... साकु.”

साकु म्हणजे पुरे. पण सिद्रामप्पाचा हात थांबेना.

“आजून येक आटा लागतोय. मला ठाव हाय.”

“तुमच्या हाताला ठाव व्हतं,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आता साकु म्हन्ले ना.”

ज्या माणसापुढं अख्ख्या रोडचे ड्रायव्हर अदबीनं उभे राहतात, त्याला हे बोलणं! तो पाना धरून तसाच उभा राहिला. कपाळाची शीर उडत होती. मग त्यानं पाना अलगद बोल्टवरून काढला.

गाडी सुरू केली. एसी लावला, दिवे लावले. बेल्टनं चकार शब्द काढला नाही. थोडा वेळ चालवून सिद्रामप्पानं इंजिन बंद केलं आणि बायकोकडं पाहिलं. तिनं परत दाबून बघितलं.

“बसला. जरासा वढा. नवी बाज बी निजल्यावर ढिल्ली व्हती की.”

त्यानं जरासं फिरवलं. “साकु,” ती म्हणाली, आणि या खेपेला पाना त्याच क्षणी थांबला. एकाची ताकद, दुसऱ्याची जाण, आणि मधे एवढासा शब्द! देवळातसुद्धा मी इकडंतिकडं बघत असतो, पण तिथं नजर हलेना.

हिमायतनगरला जाऊन आलो. बेल्ट एकदाही कुरकुरला नाही. ते सांगायला गॅरेजात गेलो, तर दयानंद टेम्पोवाला बोनेट उघडून उभा होता.

“अप्पा, तुमचा अंगठा लावून बघा की जरा.”

मी गुरम्माकडं पाहिलं. ती खाली बघत होती. तिथं आणखी चार गिऱ्हाइकं बसलेली. सिद्रामप्पानं हात फडक्याला पुसले.

“माझा अंगठा गेलाय, दयानंद,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ही बघती. मी पाना धरतो.”

आणि तिला जागा द्यायला तो बाजूला सरला.