नदीत पेरलेले सापळे

गुडघाभर पाण्यात उभी राहून राफ्टचा दोर बांधायला मी खाली हात घातला आणि हाताला साखळी लागली. गंजलेली, शेवाळलेली. एक टोक नव्याकोऱ्या खुंटीला बांधलेलं. दुसरं माझ्या पायांच्या दिशेनं गाळात गेलेलं.

मी साखळी सोडली आणि जागच्या जागी थिजले.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. साउथहॅम्प्टनपासून अर्ध्या तासावरच्या एका नदीवर मी एका वन्यजीव संस्थेसाठी मिंक पकडायचं काम करत होते. मिंक म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा अमेरिकन प्राणी. फरसाठी इथे आणला, फार्ममधून निसटला आणि नदीकाठची पिल्लं-अंडी फस्त करत सुटला. आम्ही तरंगत्या फळीवर, म्हणजे राफ्टवर, पिंजरा ठेवायचो. त्यात प्राणी जिवंत सापडतो, चुकून पाणमांजर आलंच तर सोडून देता येतं. त्याला साखळी लागत नाही. साखळी लागते जिन ट्रॅपला. त्याच्या ताटलीवर पाय पडला की दोन पोलादी जबडे मिटतात. ब्रिटनमध्ये माझ्या जन्माआधीपासून त्यावर बंदी आहे.

काठावर सुधाताई होत्या. हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या भूलतज्ज्ञ आणि आमच्या सगळ्यात हौशी व्हॉलंटियर.

"अगं, अशी पुतळ्यासारखी का उभी?"

"सुधाताई, इथे जिन ट्रॅप आहेत. किती, कुठे, काही कळत नाही."

"ओ गॉड. हलू नकोस. अजिबात हलू नकोस हं! मी कीथला फोन लावते."

कीथ हा नदीचा तो भाग ज्या खाजगी इस्टेटमध्ये येतो तिचा रिव्हरकीपर. नदी, मासे, काठचं गवत, सगळं त्याच्या देखरेखीखाली. तो येईपर्यंत मी उभी राहिले. मला भयंकर भीती वाटत होती. अंगात वेडर्स होते, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, बूट तिलाच जोडलेले. सापळ्यात पाय अडकला, तोल गेला आणि त्या विजारीत पाणी भरलं, तर सत्तरीच्या सुधाताई मला काय बाहेर ओढणार? पाय बधिर होत चालले होते. ते आपोआप हलतील याचीच धास्ती.

कीथ आला. माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही लावलेत?" मी विचारलं.

"मिंकनं बदकाची सगळी पिल्लं खाल्ली. तुमच्या पिंजऱ्यात एक तरी सापडला का?"

"किती लावलेत, कीथ?"

"चार. पाच असतील. एक बहुतेक वाहून गेला."

"आणि कुठे?"

"प्रत्येकासमोर एक आडवी काठी आहे."

ही जुन्या सापळेवाल्यांची रीत. प्राणी काठीवर पाय देत नाही, ती ओलांडतो. ओलांडून पाय जिथे पडतो तिथेच ताटली. मी मान वळवून मागे पाहिलं. ज्या वाटेनं मी पाण्यात उतरले होते तिथेच एक काठी आडवी पडली होती. मी ती ओलांडूनच आले होते. माझी ढांग मिंकपेक्षा लांब, म्हणून वाचले.

"डावीकडून या," कीथ म्हणाला. "तिकडे खोल आहे. खोल पाण्यात मिंक पोहतो, चालत नाही. तिथे मी लावले नाहीत."

"नक्की?"

त्यानं डावीकडचा काठ एकदा नजरेनं चाचपला. मग तो म्हणाला, "नक्की."

सुधाताई चिखलात चक्क पालथ्या झोपल्या आणि त्यांनी राफ्ट ढकलायला आणलेला बांबू माझ्याकडे सरकवला. "एकेक पाऊल. नो हरी, बाळा. माझ्याकडे बघ."

पाणी कमरेला आलं, मग छातीला. वेडर्सची कड बुडायला दोन बोटं उरली होती. पायाखाली काहीतरी कडक लागलं आणि मी किंचाळले. दगड होता. काठावर आल्यावर मी गवतात बसून रडले. सुधाताईंनी माझी पाठ चोळली.

कीथनं फावड्याच्या दांड्यानं गाळ टोचायला सुरुवात केली. खाडकन आवाज झाला. मी बसल्या जागी दचकले. दांड्याला धरून त्यानं सापळा वर काढला. चांगला थोरला, त्याच्या आजोबांच्या काळचा, पाणमांजरांसाठी केलेला. जबड्यांचे दात कानशीनं घासून काढलेले, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

"हे बघा," तो म्हणाला. "मी सुधारून घेतलेत. आता इजा होत नाही. अगदी ह्यूमेन."

"मग परत लावा आणि हात घाला त्यात."

"कोणाचा?"

"तुमचा."

त्यानं सापळ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

मी ऑफिसला कळवलं, ऑफिसनं पोलिसांना. कीथला सक्त ताकीद मिळाली, नोकरी मात्र वाचली. सापळे चार निघाले. पाचवा होता की नव्हता हे कोणालाच सांगता आलं नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात येणाऱ्या शाळांच्या सहली आम्ही कायमच्या बंद केल्या. मीही तिथे पुन्हा पाण्यात उतरले नाही.

पुढे सापळे निवडायचं काम माझ्याकडेच आलं. विकायला येणारा प्रत्येक जण 'ह्यूमेन' म्हणतो. मी त्याला हात घालून दाखवायला सांगते. आजवर एकानंच घातला. सापळे आम्ही त्याच्याकडूनच घेतो.