देवळाच्या कर्ण्यावर सोल म्युझिक

रविवारी आमचे आबा, माझे वडील, हरवले... आणि सापडले. लिहून टाकते.

मी महाडला असते, आई-आबा वर डोंगरातल्या कुडपण गावात. सुट्टी म्हणून गेले होते. जेवणं झाली, आई मागे भांडी घासत होती, मी जरा आडवी झाले... तेवढ्यात आबा घराबाहेर पडले.

वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलंय. कधी मला ओळखतात, कधी "आपण कुणाच्या?" विचारतात. त्यात धुकं असं, की अंगणातून गोठा दिसत नव्हता. कुडपणला जाऊन आलेल्यांना माहीत आहे... पठार संपतं तिथं सरळ कडाच आहे.

अख्खी वाडी शोधायला निघाली. चारी बाजूंनी "आबाऽ, ओ आबाऽ!" उत्तर नाही. शेजारचा दगडूदादा दोर घेऊन कड्याकडे गेला.

आई देवळाच्या पायरीवर सुन्न बसली होती. एकदम उठली नि म्हणाली, "अगो बाय, सगळ्यांना गप ऱ्हायला सांग. तुझ्या मोबाइलात त्यांची ती बाई हाय ना? तिला लाव कर्ण्यावर."

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं...

आबा तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते. सोबत एक अमेरिकन कृष्णवर्णीय आचारी. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गेल्याची तार आबांना बोटीवरच मिळाली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. त्यानं नुसती एक कॅसेट लावली आणि आबांच्या शेजारी बसून राहिला.

सोल म्युझिक म्हणतात त्याला. चर्चमध्ये गात मोठी झालेली कुणी बाई, पार आतड्यातून आलेला आवाज. त्या आचाऱ्यानं दिलेली तीच कॅसेट आबा घरी घेऊन आले आणि जन्मभर ऐकत राहिले. आईला ती कधीच आवडली नाही. "एवढी रडते कशाला?" म्हणायची. कॅसेट झिजली तेव्हा मीच ती गाणी मोबाइलवर घेतली होती.

देवळातल्या गुरवकाकांनी कर्ण्याचं मशीन चालू केलं. मी माइकपुढे मोबाइल धरला. हाका थांबल्या... आणि जिथून रोज भजन ऐकू येतं तिथून ती बाई गायला लागली.

एक गाणं संपलं. कुणी आलं नाही. मी दुसरं लावलं.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं, आणि कड्याच्या अंगानं धुक्यातून आबा चालत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नाही... पण बोटं मांडीवर ताल धरत होती.

आई पुढं धावली. "एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाय आल्या?"

"हाका सगळीकडनंच येत होत्या," आबा म्हणाले. "जाऊ कुणाकडं? ही एकाच जाग्यावरनं गात होती."

मग कर्ण्याकडं बघून म्हणाले, "आता दुसरी बाजू लाव गो."

आई हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "लाव गो बाय, लाव. मी पण ऐकते."

लावली. कुणीच घरी गेलं नाही, चहा तिथंच आला. दगडूदादा दोर गुंडाळायचा सोडून ऐकत उभा होता. एकाही शब्दाचा अर्थ कुणाला कळत नव्हता, तरी सगळे ऐकत होते.

आबांचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. तरी त्या दिवसापासून मला थोडा धीर आलाय... जिथून आमची नावं पुसली गेली, तिथंही काहीतरी अजून पोचतंय.

ती गाणारी बाई आता या जगात नाही. कॅसेट देणाऱ्याचं नाव आबांना आठवत नाही. दोघांचे आभार कुठं जाऊन मानायचे कळत नाही... म्हणून इथं मानतेय.