नसरीनच्या नेच्यांसाठी भांडलेला विल्या

"काका, सर गेले..." एवढंच बोलून नसरीननं फोन ठेवला. त्याला आता महिना झाला. विलास, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, शिवाजी पेठेत माझ्या फ्लेक्सच्या दुकानासमोर राहायचा. शाळेपासून माझा विल्या. माझ्यावर ओरडण्याचा हक्क त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही, आणि यंदा माझी चूकही तशीच होती.

उचगावच्या शिलाईकाम करणाऱ्या घरातली नसरीन त्याची विद्यार्थिनी. गगनबावड्याचे नेचे, म्हणजे फर्न, कसकसे बदलत आले, यावरचा तिचा शोधनिबंध परदेशातल्या वनस्पती-उत्क्रांतीच्या परिषदेसाठी निवडला गेला. तरुण संशोधकांच्या योजनेतून प्रवासखर्च मिळणार होता. आमच्या पेठेतल्या तालमीला केवढा आनंद! मी चौकात मोठा फ्लेक्स लावला. वर नसरीन, खाली तालमीची सगळी पोरं, आणि शेवटी सवयीनं 'सौजन्य व आर्थिक सहकार्य: तालीम मंडळ'. आमच्याकडं ती ओळ असतेच. प्रत्यक्षात दिलेला असतो हार आणि नारळ.

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत योजनेच्या कार्यालयात पोचला. उत्तर आलं... इतरत्र साहाय्य मिळाल्यानं अर्ज थांबवला आहे.

"तुझी शेवटची ओळ पोरीच्या तिकिटावर बसली की रं," विल्या म्हणाला आणि मला धरूनच कार्यालयात घेऊन गेला. साहेबांच्या टेबलावर त्यानं नारळ ठेवला. "हे तालमीचं आर्थिक सहकार्य. ह्याच्यावर विमानात घेतील का तिला?"

साहेब न हसता म्हणाले, "तसं तालमीकडून लेखी आणा."

लेखी नेलं. मग त्यावर शिक्का हवा झाला. मग शिक्क्याखाली तारीख. "झाडं पाण्यातनं जमिनीवर आली, साहेब," विल्या दारातून म्हणाला, "तुमची फाईल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर येत न्हाय."

मी हसलो. तो हसला नाही. परिषद नसरीनशिवाय पार पडली. मी अडाणीपणानं चुकलो, कबूल. पण समोर नारळ बघूनही ज्यांनी कागद मागितला, त्यांना काय म्हणायचं? विल्या जाईपर्यंत हेच विचारत होता.

त्याच्या तेराव्यानंतर मंजुरी आली, प्रवासाला शुभेच्छांसह.

परवा त्याच्या खोलीत गेलो. दाबून वाळत घातलेल्या नेच्यांखालचे कागद तो रोज सकाळी बदलायचा. आता नसरीन येऊन बदलते. तिच्या हातात ते मंजुरीचं पत्र होतं.

"फाडून टाक ते," मी म्हणालो.

"कशाला काका? जाड कागद हाय, पाणी ओढंल."

तिनं पत्रावर ओला नेचा नीट पसरला, वर फळी ठेवली. "वजन कमी पडतंय," ती म्हणाली. "बसा की जरा."

मी बसलो.